काळ्या पट्टीची वायर

खर्जेरावांचा माणसांवर थोडा आणि वायरींवर मुळीच विश्वास नव्हता. आठवडाभर ते एका अरुंद दुकानात पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचे. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांचं ठाम मत झालं होतं की वरून धडधाकट दिसणारी वायर आत कुठेतरी तुटलेली असतेच, फक्त ती तुमचं काम अडेपर्यंत वाट बघत बसते. रविवारी ते बॅंडमध्ये बेस गिटार वाजवायचे. त्यांचं खरं आडनाव बॅंडमध्ये कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांत खालचा, खर्जातला सूर वाजवणारा माणूस म्हणून ते खर्जेराव झाले आणि बावीस वर्षं तेच राहिले.

बॅंड चौघांचा. कीबोर्डवर मास्तर, जे सकाळी एका शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी गाणंही गणितासारखंच शिकवायचे. ड्रमवर खर्जेरावांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि पुढे उभ्या राहून गाणाऱ्या ताई. यांच्याबरोबर गेली दोन वर्षं एक साऊंडवाला असायचा, जो कमी बोलायचा. कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे ते कळत नाही, म्हणून खर्जेरावांनी त्याला पहिल्या दिवसापासून नजरेखाली ठेवला होता.

या साऊंडवाल्यानेच त्यांचा ॲम्प घालवला. फ्रिजएवढा, दोन माणसांनी उचलायचा ॲम्प होता तो, आणि खर्जेराव त्याच्यापुढे उभे राहून वाजवायचे तेव्हा पँटच्या पायांना हादरे बसायचे. साऊंडवाला म्हणाला, स्टेजवर ॲम्प नको, आवाज गढूळ होतो, सगळ्यांच्या वायरी थेट माझ्याकडे येऊ देत. तेव्हापासून स्टेजवर जमिनीवर ठेवलेल्या दोन मॉनिटरमधून जो काही एकत्र आवाज येईल तोच सगळ्यांनी ऐकायचा. ॲम्प घरी आला. बायकोने त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला आणि टेलिफोनची बिलं ठेवायला सुरुवात केली.

"निदान कशाला तरी उपयोगी पडला," ती म्हणाली.

 पण आपला आवाज आपल्या पाठीमागून काढून घेऊन परक्याच्या हातात दिला, ही गोष्ट खर्जेरावांच्या मनात सलत राहिली.

त्यातून त्यांनी डबी बदलली. डबी म्हणजे सूर जुळवायची, पायाशी ठेवायची. तिच्यावर पाय दिला की बाहेर जाणारा आवाज बंद होतो, म्हणजे तारा पिळताना लोकांना त्रास नको. परत पाय दिला की आवाज सुरू. जुनी डबी विटेएवढी होती आणि आवाज बंद असला की तिच्यावरचा लाल दिवा रेल्वेच्या सिग्नलसारखा पेटायचा. खर्जेरावांनी कुठेतरी वाचलं की असल्या जुन्या डब्या आवाजातला गोडवा खातात. झालं. आठ दिवस झोप नाही. शेवटी काडेपेटीएवढी नवी डबी आणली, तिच्यावर मोहरीएवढा दिवा. तो दिवा दुपारच्या उन्हात बघायला चष्मा लागला असता, आणि खर्जेराव स्टेजवर चष्मा लावत नसत. चष्मा लावून बेस वाजवणारा माणूस कारकून दिसतो, असं ते म्हणायचे. सूर ते कानाने जुळवायचे. डबी फक्त दोन गाण्यांच्या मधे गिटारचं तोंड बंद करण्यापुरती.

आणि नेमका तेव्हापासून आवाज बिघडला.

एकदम नाही. एखादं गाणं ठणठणीत जायचं, पुढच्या गाण्यात मॉनिटरमधून येणारा बेस त्यांना आपला वाटायचाच नाही. सूर तेच, ठोका तोच, पण गुळगुळीत, प्लास्टिकच्या बाटलीत भरल्यासारखा. तार बोटाखाली जरा घासते, सूर सुटताना किंचित कुरकुरते, ते सगळं गायब. दोन गाण्यांनी परत आपोआप बरा. त्यांनी तारा बदलल्या. वायर बदलली. मग वायरीवरचा विश्वास उडाला म्हणून स्वतः चांगली तांब्याची वायर आणून, स्वतः डाग देऊन, नवी वायर बनवली. गिटारच्या आतला प्रत्येक सांधा उघडून पुन्हा जोडला. दुकानात पंखे पडून राहिले.

"अहो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जाताय?" बायकोने विचारलं.

"आवाज बिघडलाय, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला?"

"तारा सोल्डर करताना बोट भाजून घेतलंत म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणायच्या आत जा म्हणजे झालं."

ते गेले नाहीत. वस्तूंची यादी संपली होती, आणि वस्तू संपल्या की संशय माणसांकडे वळतो. त्यांनी एक वही काढली. कुठल्या कार्यक्रमात कुठलं गाणं बिघडलं ते टिपलं. दोन महिन्यांत एक गोष्ट लख्ख दिसली. बंद सभागृहात, दिवे मंद असताना, आवाज कधीच बिघडत नव्हता. बिघडायचा तो उघड्यावर, दुपारी. उघड्यावर कोण काय करतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं, खर्जेरावांनी निष्कर्ष काढला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग त्यांनी मास्तरांचा डावा हात बघायला सुरुवात केली.

मास्तर उजव्या हाताने सूर धरायचे आणि डाव्या हाताने साथ. बावीस वर्षं खर्जेरावांनी त्या हाताकडे पाहिलं नव्हतं, जसं आपण आपल्या घराच्या भिंतीकडे पाहत नाही. आता पाहिलं, तर तो हात कधीकधी कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला, अगदी खालच्या पट्ट्यांवर असायचा. खर्जेराव बघताहेत असं कळलं की मास्तर नजर वळवायचे. चोराच्या मनात चांदणं, ते म्हणतात ते खोटं नाही.

एका रविवारी सामान लावताना त्यांनी कीबोर्डच्या मागे डोकावून पाहिलं. दोन वायरी होत्या. एक नेहमीची, जाड. दुसरी बारीक, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. एका पेटीला दोन वायरी कशाला? पंखे दुरुस्त करणारा माणूस वायर सोडत नाही. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकत वाकत ते त्या वायरीमागे गेले. ती स्टेजच्या कडेने, गालिच्याखालून, थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरपाशी, सगळ्यांचे आवाज कमीजास्त करायच्या पेटीपाशी, पोचली होती. मिक्सरवर प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या पट्टीवर पेनाने नावं लिहिलेली असतात. ताई. ड्रम. कीबोर्ड. बेस. आणि त्याच्या शेजारी, त्याच अक्षरात: बेस २.

खर्जेरावांनी ते दोनदा वाचलं.

एका बॅंडला दोन बेस कशाला लागतात? एक काढायचा असेल तरच. तीन माणसांत भागत असेल तर चौथा कोण पोसतो? आणि मेहुण्याला माहीत नाही हे शक्यच नव्हतं, तो मास्तरांच्या शेजारी बसतो. आपलेच दात, आपलेच ओठ. रविवारचे ते चार तास काढून घेतले तर आपण कोण उरतो, हे खर्जेरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला स्पष्ट विचारलं, आणि उत्तर आलं: पंखेवाला. त्या उत्तराची त्यांना भीती वाटली. रडूही आलं असतं, पण समोर साऊंडवाला उभा होता.

"काही हवंय का?" साऊंडवाल्याने विचारलं.

"काही नाही," खर्जेराव म्हणाले. "नाडी."

पुढच्या रविवारी एका हॉटेलच्या बागेत कार्यक्रम होता, दुपारच्या जेवणाच्या वेळी. साधा कार्यक्रम नव्हे, परीक्षा होती. हॉटेलचा मॅनेजर ऐकणार होता. पसंत पडलं तर दर रविवारी बाग त्यांची, वर्षभर. खर्जेराव लवकर पोचले. बागेच्या मागे सामानाची गाडी उभी होती, आणि तिच्या पलीकडून मेहुण्याचा आवाज आला.

"दाजींना सांगायचं कधी?"

"आज नको," मास्तर म्हणाले. "आज मॅनेजर बसलाय. एवढं एकदा होऊ दे. मग दोघं मिळून सांगू."

"घरी आमच्या ताईशी बोलावं लागेल आधी. घरात आकांत करतील ते."

खर्जेराव गाडीच्या अलीकडे उभे होते, हातात गिटारची पेटी घेऊन. आता वहीची गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला. आजचा करार पदरात पडला की आपल्याला नारळ. तेही कोण देणार, तर बायकोचा सख्खा भाऊ आणि ज्याच्या आईच्या आजारपणात आपण पंधरा दिवस दवाखान्यात बसलो तो मास्तर. केसाने गळा कापतात म्हणजे काय ते त्यांना कळलं. त्यांना सरळ जाऊन विचारता आलं असतं. पण संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो, आणि तोही चारचौघांत.

पहिला भाग ठीक गेला. म्हणजे दोन गाणी प्लास्टिकची, तीन बरी. मधल्या सुट्टीत मास्तर हात धुवायला गेले, साऊंडवाला चहाला गेला. खर्जेरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कीबोर्डच्या मागे हात घातला आणि काळ्या पट्टीच्या वायरीचा जॅक अर्धा बोट बाहेर ओढला. पूर्ण नाही. पूर्ण काढला असता तर दिसला असता. अर्ध्या बोटाने वायर जागच्या जागी दिसते आणि आवाज मात्र जात नाही, हे गिऱ्हाइकाला कळत नाही, मेकॅनिकला कळतं. जन्मभर जोडायचं काम केलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा एक चांगला सांधा मुद्दाम सोडवला.

दुसऱ्या भागाचं पहिलं गाणं त्यांनी मुद्दाम निवडलेलं नव्हतं, पण नशीबच तसं. त्या गाण्यात सुरुवातीला फक्त ड्रम आणि बेस. आठ ठोके मेहुण्याचे एकट्याचे, मग बेस एकटा आत यायचा, आणि त्यावर ताईंचा आवाज. खर्जेरावांनी डबीवर पाय दिला, कानाने तारा जुळवल्या, परत पाय दिला, आणि ताठ उभे राहिले. मॅनेजर पहिल्या टेबलावर बसला होता. आज सगळ्यांना कळणार होतं की खरा बेस कुठला.

मेहुण्याने आठ ठोके दिले. खर्जेरावांनी तार छेडली.

काहीच नाही.

ड्रम वाजत होता, आणि त्याच्याखाली नुसती पोकळी. खर्जेरावांची नजर आधी गेली ती मास्तरांच्या डाव्या हाताकडे. हात खालच्या पट्ट्यांवर होता, जोरजोरात दाबत होता, आणि आवाज नव्हता. सापडला! खर्जेरावांच्या छातीत विजयाची एक लाट उसळली. बावीस वर्षांच्या मित्राला भर बागेत उघडा पाडला होता. क्षणभर ते हसलेसुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं की बोटं अजून तारेवर चालू आहेत, आणि मास्तरांचा आवाज त्यांनी स्वतः बंद केलाय, तर मग आपला आवाज कुठे आहे?

ताईंनी वळून पाहिलं. साऊंडवाला छत्रीखालून उठून दोन्ही हात हलवत होता. मास्तरांनी आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग खर्जेरावांकडे, मग खाली, आणि ओरडले, "पाय!"

खर्जेरावांनी खाली पाहिलं. ऊन कलंडलं होतं आणि त्यांची स्वतःचीच सावली डबीवर पडली होती. त्या सावलीत मोहरीएवढा लाल दिवा व्यवस्थित पेटलेला दिसत होता. आवाज बंद.

सगळं एका क्षणात कळलं. सुट्टीआधी शेवटचं गाणं संपल्यावर त्यांनी डबीवर पाय देऊन आवाज बंद केला होता. आता पहिल्यांदा पाय दिला तेव्हा तो सुरू झाला (साऊंडवाल्याने सुट्टीत खाली केलेली बटणं अजून वर केली नव्हती, म्हणून कळलं नाही), दुसऱ्यांदा दिला तेव्हा परत बंद. कितीतरी दुपारी असंच झालं असणार. उन्हात दिवा दिसायचा नाही, मोजणी एकने चुकायची, आणि ते गाणंभर मुक्या गिटारवर बोटं फिरवत उभे राहायचे. मॉनिटरमधून जो प्लास्टिकचा बेस यायचा तो मास्तरांचा डावा हात होता. तो त्यांच्यावर वाजत नव्हता. त्यांच्या जागी वाजत होता, त्यांची जागा राखत.

दुकानात त्यांची एक आवडती गोष्ट होती. एक गिऱ्हाईक छताचा पंखा उतरवून, फडक्यात बांधून, खांद्यावर घेऊन दुकानात आलं, आणि घरी नुसतं बटण बंद होतं. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

त्यांनी डबीवर पाय दिला. बेस आत आला, खरा, घासणारा, कुरकुरणारा. ताई गायला लागल्या. गाणं पार पडलं, कार्यक्रमही पार पडला. खर्जेराव एकदाही मान वर करून बघू शकले नाहीत.

सामान आवरताना मॅनेजर आला. "छान झालं. फक्त सुट्टीनंतर एकदम पोकळ झालं ते काय होतं?"

मास्तरांच्या हातात तेव्हा काळ्या पट्टीचा जॅक होता. अर्धा बोट बाहेर ओढलेला जॅक कुणाच्या हाताने ओढला जातो हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. गणिताचे मास्तर.

"माझी वायर सैल होती," ते म्हणाले. "माझीच चूक. पुन्हा नाही होणार."

"मग पुढच्या रविवारपासून या," मॅनेजर म्हणाला आणि गेला.

कुणीच आनंद केला नाही. मेहुणा झांजा पिशवीत घालत होता, फार सावकाश.

"वायर मी काढली," खर्जेराव म्हणाले.

"माहितीये," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही मला काढताय. गाडीमागे ऐकलं मी. दाजींना सांगायचं कधी, असं."

"डबीबद्दल बोलत होतो, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "बटण बंद असतं म्हणून."

"मग सांगितलं का नाही मला? आठ महिने?"

आता मास्तरांनी वायर खाली ठेवली. "सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुझा आवाज आला नाही म्हटलं, तर तू म्हणालास, आधी तुझे कान तपास. मग तीन आठवडे फोन उचलला नाहीस. दोन कार्यक्रम रद्द केले आपण, आठवतं? तुला काही सांगायची सोय आहे का, खर्ज्या? म्हटलं जाऊ दे, डावा हात रिकामाच असतो. साऊंडवाल्याला वेगळी वायर ओढायला लावली, म्हणजे तुझा आवाज गेला की माझा वर करता येईल. आठ महिने लोकांसमोर तुझी लाज राखली." ते थांबले. त्यांचा आवाज चिरकला होता, वर्गात कधी चिरकत नसेल तसा. "आणि तू मॅनेजरसमोर माझी काढायला निघालास."

 मास्तरांनी वायर गुंडाळली आणि आपल्या पेटीत न टाकता साऊंडवाल्याकडे दिली. मग कीबोर्ड एकटेच उचलून गाडीकडे गेले. बावीस वर्षं दुसरं टोक खर्जेराव धरायचे.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच म्हणाली, आणि सोमवारी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आठवडाभर खर्जेरावांनी मास्तरांना फोन करायचं सहा वेळा ठरवलं आणि सातव्यांदाही केला नाही.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी बागेत पोचले. नाकावर चष्मा, पायाशी जुनी, विटेएवढी डबी. मिक्सरवर त्यांनी पाहिलं. ताई, ड्रम, कीबोर्ड, बेस. बेसच्या शेजारची पट्टी काढून टाकलेली होती, नुसती गोंदाची खूण राहिली होती. दोन आठवड्यांपूर्वी जी पट्टी बघून ते घाबरले होते ती नव्हती, आणि त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पडलो तर खाली काही नाही, असं वाटलं.

मास्तर आले तेव्हा खर्जेराव कीबोर्डच्या मागे गुडघ्यांवर बसलेले होते.

"आता काय काढतोयस?" मास्तरांनी विचारलं.

"लावतोय." काळ्या पट्टीची वायर त्यांनी साऊंडवाल्याकडून मागून घेतली होती. मिक्सरवर नवी पट्टी चिकटवून तिच्यावर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंही होतं. "असू दे. लागली तर."

मास्तरांनी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. "आणि मी तुझ्यावर वाजवतोय असं परत वाटलं तर?"

"वाटेलच," खर्जेराव म्हणाले. "स्वभावाला औषध नाही. पण वायर नाही काढणार. विचारीन."

 कीबोर्डचं एक टोक जरा सरकवायचं होतं, ते मास्तरांनी धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली. खर्जेरावांनी उठून ते धरलं.

कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. सगळे जागेवर गेल्यावर खर्जेराव परत कीबोर्डच्या मागे आले, वाकले, आणि काळ्या पट्टीचा जॅक अंगठ्याने आत दाबून बघितला. तो नीट बसलाय ना, अशी त्यांना शंका होती.